मागच्या सीटच्या जागी जस्ताचा पत्रा

आमच्या घरात सगळ्यात जास्त शिकलेली मी. त्यामुळे घराची वाट लावायचा पहिला मानही माझाच.

ऐंशीच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही वेसाव्याचे कोळी. आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची, दादा धक्क्यावरून तिची मासळी बाजारात पोचवायचा, आणि मी अंधेरी पूर्वेला एका औषधांच्या कंपनीत टायपिस्ट होते. सकाळी दोनदा साबण लावून आंघोळ करायची, केसांत मोगरा माळायचा, पर्समध्ये अत्तराचा फाया टाकायचा, आणि मग निघायचं. ऑफिसात मी सांगून ठेवलं होतं की आम्ही समुद्राजवळ राहतो. लोकांना वाटायचं बंगला असेल. मी वाटू द्यायचे.

आमच्यात होडीतला हिस्सा मुलाला जातो आणि बाजारातला ओटा मुलीला. आईचा ओटा तिला तिच्या आईकडून मिळालेला, आणि पुढे तो माझा होणार, हे घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. मला तो नको होता. पण हे मी आईला कधी बोलले नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही. बँकेत ठेव असावी तसा तो ओटा माझ्या नावावर पडून होता, आणि आई त्या ओट्यासाठी शेजारणीशी वीस वर्षं भांडत होती.

भांडण वीतभर जागेचं. शेजारीण आपली मासळीची पाटी दररोज थोडी थोडी इकडे सरकवायची, आई दररोज ती ढकलून परत तिकडे करायची. अख्ख्या बाजाराला त्याची इतकी सवय की दोघी एखाद्या दिवशी शांत बसल्या तर लोक विचारायचे, बरं नाही का? पण एकदा हे भांडण बाजारातून उठून टेम्पोत चढलं. वेसाव्याच्या बायका मासळी घेऊन एका टेम्पोने बाजारात जायच्या, आणि तो टेम्पो होता शेजारणीच्या सख्ख्या भावाचा. आई भर रस्त्यात टेम्पोतून खाली उतरली आणि म्हणाली, "परत या डब्यात पाय ठेवीन तर नावाची नाय." आता बसचा कंडक्टर ओली पाटी बघितली की लांबूनच घंटी मारायचा. रिक्षावाल्यांचं तर विचारूच नका, त्यांना आम्ही दिसायचोच नाही.

म्हणून दादाने गाडी घेतली. मुंबईत तेव्हा गाड्या इनमिन दोन जातींच्या, एक मंत्र्यांची आणि एक बाकीच्यांची. आमची बाकीच्यांची, तीही तिसऱ्या मालकाकडून आलेली. दादाने ती आणली आणि गावातल्या मेकॅनिकच्या हवाली केली. हा मेकॅनिक होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. जमिनीवर चालणाऱ्या वस्तूला त्याने पहिल्यांदाच हात लावला असावा. त्याने पेट्रोलचं इंजिन काढून भंगारात निघालेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. मागची सीट उपटली, तिथे जस्ताच्या पत्र्याची मोठी परात ठोकली, बर्फाचं पाणी जायला तिला एक भोक पाडलं आणि खाली रबरी नळी जोडली. त्या नळीतून रस्ताभर थेंब गळायचे, आणि आमच्या गाडीमागे यारी रोडपर्यंत मांजरं यायची. हॉर्न होडीचा. तो वाजवला की पुढचा माणूस आधी समुद्राकडे बघायचा. रंगही होडीचाच उरलेला, निळा, आणि कडेने पिवळा पट्टा. दादा म्हणाला, "झकास झाली ना?" आई म्हणाली, "पानी नाय शिरलं म्हंजे झालं."

उपटलेली मागची सीट आम्ही पडवीत ठेवली, पाहुण्यांना बसायला. चांगली गुबगुबीत होती. घरात तेवढंच एक फर्निचर.

विम्याचं काम दरवर्षी एक एजंट करायचा. तो त्या सीटवर ऐसपैस बसायचा, आई त्याला तळलेले बोंबील द्यायची, आणि एका हाताने खात दुसऱ्या हाताने तो फॉर्म भरायचा. सगळ्या रकान्यांत 'नाही, नाही, नाही'. आजार आहे का, नाही. अपघात झाला का, नाही. गाडीत काही फेरफार केलेत का, नाही. बोंबील अजून देऊ का, या एकाच प्रश्नाला तो हो म्हणायचा. चार वर्षं आमची गाडी कागदावर कारखान्यातून निघाली तशीच्या तशी होती.

पाचव्या वर्षी एजंट रिटायर होऊन गावी गेला. आई मला म्हणाली, "तू शिकलेली ना? तू भर." 

मी भरला. देवाशप्पथ सांगते, इतका सुंदर फॉर्म त्या ऑफिसात ना आधी कुणी दिला असेल ना नंतर. फेरफारांच्या रकान्याखाली लिहिलं होतं, 'असल्यास सविस्तर माहिती द्यावी.' मला ही गोष्ट फार आवडली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे सविस्तर माहिती मागत होतं. मी ऑफिसच्या मशीनवर जेवणाच्या सुट्टीत दोन पानं टाइप केली, इंग्रजीत, डबल स्पेस, समास सोडून. परातीची लांबी-रुंदी, नळीचा व्यास, इंजिन कुठून आलं, खिळे किती आणि कुठले. हॉर्नचा स्वतंत्र परिच्छेद. खाली सही. वाचून मलाच माझं कौतुक वाटलं.

विम्याच्या ऑफिसातल्या काउंटरवरच्या बाईंनी पानं उलटून बघितली.

"हे काय?"

"सविस्तर माहिती."

"कोणी मागितली?"

"फॉर्मवरच लिहिलंय, असल्यास द्यावी म्हणून."

"फॉर्मवर बरंच काही लिहिलेलं असतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ठप्पकन शिक्का मारला. मी म्हटलं, हवं तर नवा फॉर्म देते, 'नाही' लिहून. बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आता कसं? आता इनवर्ड नंबर पडला."

इनवर्ड नंबर पडला म्हणजे परमेश्वराने पाडला. त्यापुढे कुणाचं काही चालत नाही. फाईल आतल्या साहेबांकडे गेली. साहेब सज्जन होते, हे आधीच सांगते. टेबलावर काच, काचेखाली देवांचे फोटो, आणि बाजूला एक जाडजूड दरांचं पुस्तक, ज्यात जगातल्या सगळ्या वाहनांचे वर्ग लिहिलेले. त्यांनी माझी दोन पानं वाचली आणि चष्मा काढला.

"मॅडम, टायपिंग फार छान आहे."

"थँक्यू सर."

"पण गाडीचा वर्ग ठरत नाही. खासगी म्हणावी तर मागे बसायला सीट नाही. मालवाहू म्हणावी तर परमिट नाही. टॅक्सी तर नाहीच नाही."

"सर, पत्रा काढून सीट परत बसवली तर?"

"मग तुम्ही दिलेली माहिती खोटी ठरेल." साहेबांना खरंच वाईट वाटलं. "खोट्या माहितीवर आम्ही विमा कसा देणार?"

म्हणजे चार वर्षं खोटं लिहून विमा मिळत होता, आणि खरं लिहिलं तर सीट बसवायचीसुद्धा सोय राहिली नाही. शहाणपण असं अंगाशी येतं! मी घरी येऊन सांगितलं तेव्हा दादाने कपाळावर हात मारला. "तुला कोणी सांगितलं होतं यार खिळे मोजायला?"

दादा म्हणाला, जाऊ दे, तशीच चालवू, कोण बघतंय. पण आई ऐकेना. आदल्याच वर्षी गावातल्या एकाच्या बिनविम्याच्या गाडीखाली एक सायकलवाला सापडला होता, आणि त्या माणसाने होडी विकून भरपाई दिली. आईने ती होडी जाताना धक्क्यावर उभं राहून बघितली होती. "कागूद नाय तर गाडी नाय," ती म्हणाली. संपला विषय. विम्याची मुदत ज्या दिवशी संपली त्या दिवशी गाडी दारात उभी राहिली. मांजरं दोन दिवस येऊन बघून गेली.

पहिल्या दिवशी आई पाटी डोक्यावर घेऊन चालत निघाली. वेसाव्याहून अंधेरीचा बाजार, अठ्ठावन्नाव्या वर्षी, बर्फासकट. पोचली. मासळी विकली. संध्याकाळी परत आली ती दादाच्या खांद्यावर हात टाकून, आणि दुसऱ्या दिवशी तिचे गुडघे असे सुजले की उठून मोरीपर्यंत जाता येईना. मी तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

ती बोलली ती फक्त ओट्याबद्दल. बाजाराचा एक कायदा होता. ज्या घरचा ओटा, त्या घरची पाटी त्यावर आली पाहिजे. घरातली कुठलीही बाई आणो, पण आली पाहिजे. ओटा रिकामा राहिला की शेजारणीची पाटी त्यावर चढते, आणि एकदा चढलेली पाटी ब्रह्मदेव आला तरी उतरत नाही. इकडे शेजारीण तर वीस वर्षं टपून बसलेली.

"तू जा," आई म्हणाली. "हापिसात जायच्या आधी. घटकाभर बस. पाटी दिसली पायजे."

माझ्या अंगावर काटा आला. पण चूक माझी होती, बोलणार काय? आता ओली पाटी मी बसमध्ये नेणार कशी? मी एक अक्कल लढवली. सुके बोंबील घेतले, पाच-सहा जुड्या, त्यांना प्लास्टिकमध्ये तीनदा गुंडाळलं, वर वर्तमानपत्र, वर परत प्लास्टिक, आणि ते पुडकं ऑफिसच्या पिशवीत डब्याच्या खाली ठेवलं. छोटी पाटी दुसऱ्या पिशवीत. बसमध्ये खिडकीशी बसले. दोन स्टॉप गेले आणि पुढच्या सीटवरचा माणूस मान वळवून वास घेऊ लागला. मग मीही नाकाला रुमाल लावला आणि त्याच्या शेजारच्याकडे रागाने बघितलं.

बाजारात ओट्यावर बसले, ऑफिसची साडी, केसांत मोगरा, पुढ्यात बोंबील. शेजारणीने कमरेवर हात ठेवले.

"सुकं? ओल्याच्या ओट्यावर सुकं? ही काय पाटी झाली?"

झालं, इथेही वर्ग ठरेना! आरडाओरडा झाला, बायका जमल्या, आणि प्रकरण गेलं बाजारातल्या सगळ्यात जुन्या म्हातारीकडे. ती कोपऱ्यात कोळंबी सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि हातातली कोळंबी पुरी सोलून झाल्यावर म्हणाली, "आय आजारी हाय. पंदरा दिस सुकं चालंल. सोलाव्या दिशी ओली पाटी नाय आली तर वटा सोरायचा."

दोन मिनिटं लागली. शिक्का नाही, इनवर्ड नाही, तीन प्रतींत अर्ज नाही. शेजारीणही गुमान जागेवर जाऊन बसली. मला त्या म्हातारीला उचलून विम्याच्या ऑफिसात नेऊन ठेवावंसं वाटलं.

पंधरा दिवस. सकाळी ओट्यावर बोंबील, मग ऑफिस, मग जेवणाच्या सुट्टीत विम्याच्या साहेबांसमोर. साहेब दर वेळी पुस्तकातला नवा वर्ग वाचून दाखवायचे. रोड रोलर, पाण्याचा टँकर, फिरतं वाचनालय. "फिरत्या वाचनालयात पत्रा चालतो," साहेब विचारात पडून म्हणाले, "पण मग पुस्तकं लागतील."

आठव्या दिवशी त्यांनी गाडी बघायला एक सर्व्हेअर पाठवला. तो आमच्या गल्लीच्या तोंडापासूनच नाकावर रुमाल धरून आला. पक्का शाकाहारी, बिचारा. चारी बाजूंना बोंबील वाळत होते, पायाखाली जाळी होती, कुठे बघावं हेच त्याला कळेना. दादाने त्याला पडवीत बसवलं. त्याने कागद काढले.

"मागची सीट कुठे आहे?"

"तुम्ही बसलाय ना त्याच्यावर," दादा म्हणाला.

तो असा उठला की जणू विंचूच चावला. मग उभ्याउभ्यानेच त्याने गाडीत डोकावून बघितलं, परात बघितली, नळी बघितली, आणि रुमालातून विचारलं, "यातून नेता काय?"

"मासली," आतून आईचा आवाज आला.

"जिवंत?"

"जिती मासली बाजारात कोन नेतं रे बाबा?"

त्याने तेवढं लिहून घेतलं आणि चहाला नको म्हणून निघून गेला. आई म्हणाली, बारीक झालाय, खात नसेल काही.

आता दहाव्या दिवसाची गोष्ट. ती सांगायची नव्हती, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी ओट्यावर बसले होते. साडेआठ वाजले असतील. समोरून पिशवी घेऊन आमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या बाई आल्या. मी तोंड फिरवेपर्यंत त्यांनी मला बघितलं होतं.

"अगं, तू? इथे कुठे बसलीस?"

मी उठले. पदर झटकला. आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते असं, "बोंबील घ्यायला आले होते बाई. ह्या ओट्यावरच्या मावशी कुठेतरी गेल्यात, त्यांची वाट बघतेय." आणि वर नाक मुरडून, "काय वास असतो ना हो इथे!"

शेजारीण दोन हातांवर बसलेली. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, संपलं, आता ही बोंबलणार, सगळा बाजार गोळा करणार. पण ती उठली, आमच्या ओट्याशी आली, आमच्या पाटीतली एक जुडी उचलली आणि बाईंना म्हणाली, "ती माज्याकरं बघायला सांगून गेलीय. किती देऊ?" बाईंनी दोन जुड्या घेतल्या. मग शेजारीण माझ्याकडे वळली. "आन तुमाला?" तुमाला म्हणाली. मी माझ्याच घरचे बोंबील पैसे देऊन विकत घेतले आणि बाईंबरोबर गप्पा मारत बसस्टॉपवर गेले. पुढचे पाच दिवस मी बाजारात डोक्यावरून पदर ओढून बसले आणि शेजारणीच्या नजरेला नजर दिली नाही.

पंधराव्या दिवशी दुपारी साहेबांनी मला बघितलं आणि खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"सापडला मॅडम! वर्ग सापडला!"

सर्व्हेअरचा अहवाल त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. वाहनाच्या मागील भागात धातूचे पात्र. द्रव निचऱ्यासाठी छिद्र व नळी. बर्फाची व्यवस्था. वाहनातून मृत जीवांची वाहतूक केली जाते. साहेबांनी पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "सगळं तंतोतंत जुळतं. शववाहिका."

मला हसावं की रडावं कळेना. "सर, मासळी आहे ती."

"अहवालात मासळी हा शब्द नाही." साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "आणि बघा, हप्ताही कमी बसतो. शववाहिका जपून चालवतात ना. चालक आणि सोबत दोन नातेवाईक, एवढ्यांना बसायची परवानगी आहे. नाहीतर मग फाईल वर पाठवू, महिना दीड महिना धरून चाला."

दुसऱ्या दिवशी सोळावा दिवस होता. मी विचारलं, "सही कुठे करू?"

आईला सांगायचं नाही असं दादाचं आणि माझं ठरलं. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा सोपं होतं. कागद मिळाला, एवढंच सांगितलं. तिने कागद कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी माझ्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. "माजी शिकलेली बाय!" म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी परातीत बर्फ पडला, बर्फावर हलवा, दोन सुरमया आणि ओले बोंबील, वर गोणपाट. आईला उचलून पुढे बसवलं. मी दाराशी चेपून. पंधरा दिवसांनी होडीचा भोंगा वाजला. सात बंगल्याच्या पुढच्या नाक्यावर हवालदाराने हात केला. एवढी निळी गाडी त्याने याआधी का अडवली नाही याचंच मला नवल वाटतं. दादाने कागद दिले. हवालदाराने विम्याचा कागद वाचला, परत वाचला, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कोण होतं मागे?" हलक्या आवाजात त्याने विचारलं.

"हलवा हाय, दोन सुरमया, बाकी बोंबील," आई म्हणाली.

हवालदाराने गोणपाट उचलून बघितलं. कागद परत एकदा वाचला. टोपी परत डोक्यावर ठेवली. "कागद तर बरोबर आहे," तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला, आणि दोन्हीकडची वाहनं थांबवून त्याने आम्हाला वाट करून दिली.

"टोपी कशाला कारली त्यानं?" आईने विचारलं. दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने सगळं ओकून टाकलं. मी डोळे मिटून घेतले. आई आता गाडी थांबवणार, अपशकुन म्हणून उतरून घरी जाणार, आणि ओटा जाणार. अंधेरीचा पूल दिसला तशी ती मान वळवून मागच्या परातीकडे बघू लागली. मग तिच्या पोटातून असं काही हसू आलं की तिने लुगड्याचा पदर तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आयो! खरंच लिवलंय गो त्यांनी! मेलेलंच नेतो आपन! आन मी कोन, रडनारी?" आणि तिने तिथल्या तिथे एक खोटा हंबरडा फोडला, सुरमईच्या नावाने. दादा हसून हसून स्टिअरिंगवर पडला. त्या दहा मिनिटांत मला माझी आई इतकी आवडली की काय सांगू.

बाजारात ओली पाटी ओट्यावर टेकली. कोपऱ्यातल्या म्हातारीने लांबूनच मान हलवली. ओटा वाचला. आईने दोन्ही हात ओट्यावर टेकून बसायची जागा करून घेतली, आणि सवयीने शेजारणीकडे बघितलं, भांडायला.

शेजारीण उठून आली. तिने कनवटीची गाठ सोडली आणि आईच्या हातावर पैसे ठेवले. "तुजे बोंबील इकले मी. तीन जुड्या."

"तू कशी इकलीस? माजी पोर होती ना बसलेली?"

"होती ना. पन हापिसातली बाय आली, आन तुजी पोर गिराईक झाली," शेजारीण म्हणाली. ती काही चहाडीच्या सुरात बोलली नाही. हिशोब सांगावा तसं सांगितलं आणि जागेवर जाऊन बसली.

आईने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला गेले, की घाई होती, की त्या बाई फार चोंबड्या आहेत, की ऑफिसात उगाच चर्चा होते.

"गाडीचं सगलं खरं लिवलंस ना?" आईने विचारलं. "खिला न खिला लिवलास."

"हो."

"मग आपलं का नाय सांगितलंस?"

लाज वाटली, एवढं साधं उत्तर होतं, पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. तिने मला शिव्या दिल्या नाहीत. हातातला कोयता खाली ठेवला, आपली पाटी दोन्ही हातांनी धरली आणि ओढून आपल्या अंगाकडे घेतली. तिच्या आणि शेजारणीच्या पाटीत चांगली वीतभर जागा मोकळी झाली.

"घे," ती शेजारणीला म्हणाली. "माज्या मागारी हितं कोन बसनार नाय."

शेजारणीने त्या जागेकडे बघितलं. वीस वर्षं हव्या असलेल्या त्या वीतभर ओल्या फरशीकडे. मग तिने आपली पाटी होती तिथेच राहू दिली आणि पुटपुटली, "आसं नको मनू." एवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं, आणि आईने हलव्याचे कल्ले उघडून दाखवायला सुरुवात केली.

मी निघाले. घड्याळात बघितलं तर ऑफिसला अर्धा तास उशीर झाला होता. बसमध्ये खिडकीशी बसून, उशीर का झाला म्हणून विचारलं तर काय सांगायचं याचा मी विचार करू लागले. बाजार सोडून सगळी कारणं मला सुचली.